मासाभर चिमटा

डोंगरात जाणाऱ्यांच्या अंगात ओझं कमी करण्याचं वारं एकदा शिरलं की ते सॅकच्या तळाशी पोचेपर्यंत निघत नाही. आधी जादाची पँट जाते, मग स्टीलचं ताट जातं, मग टूथब्रशची दांडी अर्धी कापली जाते. शेवटी काढण्यासारखं काहीच उरत नाही, तेव्हा हा माणूस औषधांची पिशवी उघडतो आणि चिमट्याकडे संशयाने बघायला लागतो.

भुवया कोरायचा घरचा दणकट चिमटा सहज पंधरा-वीस ग्रॅम भरतो. म्हणजे जवळपास दीड तोळा! सोन्याचा असता तर लॉकरबाहेर पडला नसता. उलट स्विस चाकूच्या पाठीत खोचलेला इवलासा चिमटा जेमतेम ग्रॅमभर. आपल्या जुन्या मापात एक मासा, म्हणजे आठ गुंजा. आता दीड तोळा आणि एक मासा यांतला फरक खांद्याला कळतो का, हा प्रश्न या मंडळींना विचारायचा नसतो.

अमेरिकेत तर या वेडाला रीतसर व्याख्या आहे. अन्न, पाणी आणि इंधन सोडून पाठीवरचं बाकीचं ओझं दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत आलं की माणूस ‘अल्ट्रालाइट’ पंथात गेला. या पंथाची आद्य आजी म्हणजे एमा गेटवुड. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ती अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटीने चालून गेली. वाट दोन हजार मैलांहून लांब. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. ग्रॅमचा हिशेब मांडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. लागेल ते घेतलं आणि निघाली.

आपल्याकडे हा हिशेब मांडायला बसलं की गंमत होते. उन्हाळ्यात हरिश्चंद्रगड चढायचा तर माणशी तीन लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन किलो. शिवाय ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो वरती पिठलं-भात करायचा म्हणून पातेलं, कांदे आणि किलोभर तांदूळ घेऊन आलेला असतो. ग्रॅम मोजणारा त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघतो आणि संध्याकाळी त्याच्याच पातेल्यातलं दोनदा वाढून घेतो.

तरीही चिमट्याच्या बाबतीत मी या हलक्या लोकांच्या बाजूचा आहे. फक्त त्यांनी वजनाआधी टोकं बघावीत. काटा काढताना चिमट्याचं वजन काहीच काम करत नाही. काम करतात ती दोन टोकं. दुकानात चिमटा उजेडाकडे धरून मिटावा. टोकांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर तो परत ठेवावा. मग जरा जोरात दाबावा. वाईट चिमटा जोर लावला की टोकाशी फाकतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तोंड उघडतो. शेवटी मनगटावरचा एक बारीक केस धरून उपटावा. डोळ्यांत पाणी आलं तर खुशाल पैसे द्यावेत. प्लॅस्टिकचा चिमटा हलका खरा, पण तो वाकतो आणि काटा तिथेच राहतो. माझ्या मते सगळ्यात सरस चिमटे औषधांच्या दुकानात मिळतच नाहीत. ते मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे असतात: सुईसारखी टोकं, वजन बेताचं आणि किंमत चहा-भजीएवढी. टोकांवर जुन्या रिफिलचा तुकडा चढवला की झालं. नाहीतर पहिली जखम चिमट्याचीच.

सह्याद्रीत त्याला कामही भरपूर. करवंदाच्या जाळीत हात घातला की काटा, बाभळीखाली चप्पल घालून गेलं की काटा. पावसाळा सरला की गवताची कुसळं मोज्यातून आत शिरतात आणि आलेल्या वाटेने परत जायला नकार देतात. फड्या निवडुंगापुढे मात्र चिमटाही हात टेकतो. त्याचे मोठे काटे सरळमार्गी. खरी बदमाशी त्यांच्या बुडाशी असलेल्या केसाळ कुसांची. कितीही उपटल्या तरी काही उरतातच.

गोचिडीला मात्र टोकदार चिमटाच हवा. ती कातडीला जिथे चिकटलेली असते तिथे अगदी लगत धरायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. पिळायची नाही, रॉकेल लावायचं नाही, काडीचा चटका द्यायचा नाही. दोडामार्गकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. माकडताप गोचिडींतून पसरतो आणि २०१६ साली त्या तालुक्याने तो चांगलाच भोगला. मधमाशीच्या नांगीला चिमटा लावू नये, विष आणखी आत जातं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने ते खोडून काढलं. नांगी कशी काढली याला महत्त्व नाही, किती लवकर काढली याला आहे. म्हणजे चिमटा सॅकच्या तळाशी असेल तर नखच बरं.

एवढं सगळं जमलं, तरी चाळिशीनंतर एक अडचण उरतेच. चिमटा एक मासा, पण त्याच्याबरोबर चष्मा न्यावा लागतो आणि तो चष्म्याच्या डबीसकट चिमट्याच्या कित्येक पट भरतो. शिवाय उजव्या हाताचा काटा डाव्या हाताने निघत नाही, आणि टाचेतला तर कोणत्याच हाताने नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये एखादी विशीतली मुलगी असावी, डोळे शाबूत असलेली आणि दुसऱ्याच्या कळवळण्याने न विरघळणारी. “काका, पाय हलवू नका,” असं ती दरडावते आणि निवृत्त बँक मॅनेजर निमूटपणे दगडावर पाय सोडून बसतात. भोवती घोळका जमतो. कोणी टॉर्च धरतं, कोणी सल्ले देतं, कोणी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं याची चौकशी करतं. पातेलंवालाही कांदा चिरायचा थांबून येतो.

मग काटा निघतो. “दाखव, दाखव,” म्हणून सगळे वाकतात. चिमट्याच्या टोकावर काहीतरी काळपट असतं, असेलच तर.

“एवढासाच?” पातेलंवाला विचारतो.

“आत होता तेव्हा मोठा होता,” काका म्हणतात आणि बूट चढवायला लागतात.