भट्टीदादा

पीएचडीचं सहावं वर्ष सुरू असलेला माणूस आमच्या प्रयोगशाळेत कुठे सापडेल, हे विचारावं लागत नाही. नळीभट्टीशेजारच्या स्टुलावर. गाईडसुद्धा त्याला भट्टीदादाच म्हणतात.

दादाच्या टेबलावर आर्गॉनच्या सिलिंडरचा पाना, अर्धा बिस्किटपुडा, मागच्या दिवाळीचा पोस्टकार्डाएवढा फराळाचा डाग आणि या सगळ्याखाली बहुधा प्रबंध. कुणी आवरायला गेलं की ओरडतो, "हात लावू नकोस, अमॉर्फस आहे ते!"

अमॉर्फस म्हणजे ज्यात अणूंची शिस्तीची रांग लागलेली नाही असं. दादाचं सिरॅमिक तसंच. त्याला माती लागत नाही. सिलिकॉनचा पॉलिमर साच्यात घालायचा, हलक्या आचेवर घट्ट करायचा आणि हवा लागू न देता हजार-अकराशे अंशांवर भाजायचा. या मार्गाने १९७५ साली सिलिकॉन कार्बाइडचा धागा काढणाऱ्या सेइशी याजिमांना दादा कुलदैवत मानतो. भट्टी लावण्याआधी नमस्कार असतो, नारळ तेवढा नसतो.

मिनिटाला पाच अंश या चालीने १४०० गाठायला साडेचार तासांवर लागतात. तेवढा वेळ दादा आकड्याकडे बघत बसतो, जणू दूध उतू जाणार आहे. मध्ये लाईट गेली तर दादा आधी वायरिंगवर, मग सरकारवर, शेवटी माझ्यावर घसरतो. दोन हजार अंशांना टिकणारा पदार्थ करू पाहणारा हा माणूस गार चहाला टिकत नाही.

सकाळी तो लोखंडी आकड्याने नळीतली होडी ओढतो. वीस मिलिमीटरची घातलेली चकती पंधराची होऊन निघते. काळी, चकचकीत, काठाला केसाएवढी चीर. दादा ती चिमट्यात धरून उजेडात फिरवतो आणि पुटपुटतो, "घाई केलीस बाळा."

त्याचा लाडका आकडा १४८४. सिलिकॉन, कार्बन, नायट्रोजन एका घरात गुण्यागोविंदाने राहतात ते तिथपर्यंतच. त्यापुढे कार्बन सिलिकॉनला आपल्याकडे ओढतो, नायट्रोजन वायू होऊन घर सोडतो, वजन घटतं, चकतीची चाळण होते. यावर उतारा म्हणजे थोडासा बोरॉन. तो कार्बन-नायट्रोजनला घेऊन दाण्यांभोवती पातळ पापुद्रे धरतो. नायट्रोजनला वाट मिळत नाही, कार्बनचा जोरही ओसरतो. राल्फ रीडेल आणि सहकाऱ्यांनी २००० अंशांपर्यंत टिकलेल्या अशा सिरॅमिकवर १९९६ साली 'नेचर'मध्ये लिहिलेला लेख भट्टीमागच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यावर चहाचे डाग आहेत, पण शाई टिकून आहे.

"आता सेटल हो," असं आई फोनवर म्हणाली की दादा शास्त्र काढतो, "आई, रांग लागली की स्फटिक होतात आणि तिथूनच घसरण सुरू होते. मी अमॉर्फसच बरा." फोन ठेवून आमच्याकडे विजयी मुद्रेने बघतो.

गेल्या महिन्यात आई कराडहून थेट प्रयोगशाळेतच आल्या. आधी टेबलाकडे, मग मुलाकडे पाहिलं आणि दोन्हींबद्दल काही बोलल्या नाहीत. होडीतली चकती बघून म्हणाल्या, "ही कसली काळी चिक्की?" दादाला तेवढंच हवं होतं. पॉलिमरपासून बोरॉनपर्यंत सगळं पुराण झालं. आई पदर खोचून, मन लावून ऐकत होत्या.

"म्हणजे बोरॉन डाळीतल्या हिंगाएवढाच?"

"जरा जास्त. पण तसंच."

"आणि तो बाहेरून आणून घालावा लागतो?"

"हो तर! आपला आपण नाही होत."

"मग इतकं कळतंय," आई पिशवीतून एक पाकीट काढत म्हणाल्या, "तर हा फोटो बघ."

दादाने तोंड उघडलं. शास्त्र आलं नाही. त्याने मदतीसाठी भट्टीकडे पाहिलं. आकडा १४८० दाखवत होता. नळीतली चकती बोरॉनवाली होती, तिला काही होणार नव्हतं. स्टुलावर बसलेला मात्र बिनबोरॉनचा होता आणि चारच अंश उरले होते.