९२.३८४६१५३

सीईटीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत सगळ्यांना गणित येतं. मुलीला ९२ पर्सेंटाइल आहेत म्हटल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी पेढा हातात धरूनच हिशेब केला : दोनशेपैकी एकशे चौऱ्याऐंशी. "सोळा कशात गेले?" मी सांगितलं, तिच्या शिफ्टमधल्या शंभरातल्या ब्याण्णव मुलांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. "म्हणजे टक्केच की," काका म्हणाले. खरे गुण सांगितले असते तर त्यांनी पेढा परत ठेवला असता.

मामींनी तिन्ही विषयांची सरासरी काढली. ती नव्वद आली. "वरचे दोन ग्रेसचे का गं?" एकूण गुणांची रांग वेगळी लागते, तिन्ही विषयांत बरी असणारी मुलं कमी असतात, म्हणून तो आकडा सरासरीहून वर जाऊ शकतो, हे त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेजारी जाऊन ग्रेसचंच सांगितलं. प्रत्येक शिफ्टच्या पहिल्याला शंभर पर्सेंटाइल मिळतात हे कळल्यावर तर पेपर फुटल्याची त्यांची खात्री झाली.

क्लासचा अनुभव आणखी सुखद. त्यांच्या टेस्ट सिरीजमध्ये मुलगी वर्षभर ९८ वर होती. कोणाच्या तुलनेत, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "सगळ्यांच्या." सगळे म्हणजे त्यांचीच बॅच. "पुढच्या टेस्टला अख्खी बॅच नव्वदच्या वर नेतो," हेही त्यांनीच सांगितलं. आपापसातल्या रांगेत सगळ्यांना पुढे उभं करायची ही विद्या फीमध्ये धरलेली आहे.

सात दशांश स्थळांबद्दल माझी तक्रार नाही; बँक दोनांवर थांबते, हा बँकेचा आळस. तीन लाख मुलं बसली तर ९२.१ आणि ९२.४ यांच्यात नऊशे मुलं मावतात. तरी कॅप राउंडचा फॉर्म भरताना हितचिंतक गेल्या वर्षीच्या मुलांचा कटऑफ दाखवून धीर देतात.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा चौथीत, मराठी शाळेत. त्याला कुठलीशी कौशल्य चाचणी दिली. तिचे नॉर्म महानगरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरून काढल्याचं अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. वाचन ६१ पर्सेंटाइल, गणित ३५. वडिलांनी शेवटचं पान उघडलं नाही. वाचनात फर्स्ट क्लास, गणितात काठावर पास, असं त्यांनी गावी कळवलं.