ऑक्टेनचा मटका

बोईसरहून गुजरातेत पेट्रोल भरायला जाणारी एक जमात आहे. तलासरी ओलांडली, अच्छाड मागे पडलं, की भिलाडच्या पंपावर लिटरमागे आठेक रुपये वाचतात. हे वाचलेले रुपये संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर चारचौघांना सांगितले की दुप्पट होतात. जाता-येता शंभरावर किलोमीटर पडले, त्यात जळालेलं पेट्रोल हिशेबात धरायची पद्धत नाही. (तलासरीकरांचं सोडा, त्यांना भिलाड म्हणजे शेजार.) हेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात पालघरच्या पंपावर उभे असतात. मुलगा नोझल हातात घेऊन विचारतो, "साधं टाकू का पॉवर, सर?" सरांची मान ताठ होते. "पॉवर!" लिटरमागे सात-आठ रुपये जास्त. भिलाडला कमावलं ते पालघरला टाकीत गेलं.

गाडी हजार सीसीची, तीन सिलिंडरची. पण सरांनी ऑक्टेनचा आकडा लावलेला असतो. एकाण्णववाला साधा माणूस, पंचाण्णववाला जाणकार आणि शंभरवाला थेट मालक. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलनं २०२० च्या डिसेंबरात आणलं तेव्हा दिल्लीत ते १६० रुपये लिटर होतं. ते महागड्या इंजिनांसाठी होतं, हे जाहिरातीतल्या गाड्या बघूनही आमच्या लक्षात येत नाही.

ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो, की पिस्टननं दाबलं तरी हे पेट्रोल आपणहून भडकायला किती का-कू करेल. १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी बांधली. आयसो-ऑक्टेनला शंभर दिले, हेप्टेनला शून्य. ते हेप्टेन सुरुवातीला एका जातीच्या पाइनच्या चिकातून काढत. इंजिनाला ९१ पुरत असेल तर ९५ घालून होतं काय? जे अवेळी भडकणारच नव्हतं, ते आणखी ठामपणे भडकत नाही. इंजिन जितकं जास्त दाबतं तितका मोठा आकडा लागतो. हल्लीच्या काही छोट्या इंजिनांत मिश्रण बारापटीच्या आसपास दाबलं जातं, पण ती बनवणाऱ्यांनी इथल्या साध्या पेट्रोलवर चालतील अशीच बनवलीत. न्यू जर्सीहून आलेला भाचा सांगतो, "मामा, आमच्याकडे सगळे सत्त्याऐंशी टाकतात." मामा हबकतात. तिकडे मोजायची रीत निराळी, तिकडचं ८७ म्हणजे आपलं ९१च. पण हे मामांना कोण सांगणार, त्यांनी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या भेसळीचा मेसेज टाकलेला असतो.

खरी गंमत सरकारनं केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवरून ओरड झाली, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा दिला, की इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या वर असल्यामुळे आता साधं पेट्रोलच ९५ झालं आहे. छान. मग पॉवरवाल्या ९५ चे पैसे सर कशाचे देतात? इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं त्यात असतात, ते मान्य. पण पंपावर मान त्यासाठी ताठ होत नसते. आणि इथेनॉलचा आकडा मोठा असला तरी लिटरभर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमीच निघते. आकडा वर गेला, ॲव्हरेज खाली आलं.

आता जव्हारच्या चढावर या. विक्रमगड मागे पडलंय, गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि सर चौथ्या गिअरवर हटून बसलेत, कारण तिसरा टाकला तर पेट्रोल जास्त लागतं असं त्यांना कुणीतरी १९९० च्या सुमारास सांगितलंय. बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच ते नॉकिंग. सर म्हणतात, "बघ, साधं पेट्रोल. उद्यापासून पॉवर." गाडीतला नॉक सेन्सर बिचारा ठिणगी मागे सरकवून सांभाळून घेत असतो. तिसरा गिअर फुकट आहे. पण फुकटच्या गोष्टीला आकडा नसतो.

पेट्रोल झालं की मोर्चा प्लगकडे. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणू फुटतोय, त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण बोईसरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एका ठिणगीवरून तासभर वाद रंगतो. "सहा नंबर? सात नाही का तुमच्याकडे? आठ?" सात म्हणजे सहापेक्षा भारी, यात शंका ती काय! तर एनजीकेच्या खोक्यावर आकडा चढला की प्लग थंड होतो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडतो. बॉशच्या खोक्यावर नेमकं उलटं. तिथे आकडा चढला की प्लग गरम. दोन्हीकडे मोठा आकडा मागणारा माणूस दोन उलट्या दिशांना जातो आणि दोन्ही वेळा खूश असतो.

थंड प्लगानं होतं काय, तेही बघा. प्लगाचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. सरांचा रोजचा प्रवास चित्रालयापासून एमआयडीसीतल्या कंपनीपर्यंत, त्यात नवापूर नाक्यावरची कोंडी. इंजिन धड तापायच्या आत कंपनीचं गेट येतं. कंपनीनं दिलेला प्लगच तिथे जेमतेम तापतो, त्यात यांनी आणखी थंड घातला. महिन्याभरात प्लग काळाकुट्ट, गाडी मिस मारते. निदान ठरलेलं: पेट्रोलमध्ये पाणी.

मग इरिडियम. वितळायला दोन हजार चारशे अंशांच्या वर तापवावा लागणारा धातू, टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. नीट वापरला तर लाखभर किलोमीटर चालतो, हा त्याचा खरा गुण. पिकअपचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. पण इतके पैसे टाकल्यावर पिकअप वाढल्यासारखा वाटणारच. आणि मग एका रविवारी सर पॉलिश पेपर घेऊन तेच टोक घासायला बसतात, "कचरा आलाय" म्हणून. उरलंसुरलं पाना करतो. नवा प्लग हातानं बसल्यावर पान्यानं अर्धा फेरा पुरे. सर लटकतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यातले आटे एकदा गेले की त्यांना ऑक्टेन विचारत नाही.

प्लग कुठला, गॅप किती, पेट्रोल कुठलं, हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक ग्लव्हबॉक्समध्ये, शोरूमच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, वर सुकलेलं अर्धं लिंबू.

यातले निम्मे जाणकार तर सीएनजीच्या रांगेत उभे राहून पेट्रोलच्या ऑक्टेनवर बोलत असतात. गॅसचा ऑक्टेन १२० च्या घरात, तिथे वादच संपला. पण गॅसमध्ये ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. प्लग झिजून गॅप थोडी वाढली, की पेट्रोलवर गुपचूप चालणारी गाडी गॅसवर धक्के देते आणि कॉइलही दमते. म्हणून सीएनजीवाल्यानं प्लग आधी बघावा. इथे मात्र इंजेक्टर साफ होतो, स्कॅनर लागतो, कॉइल बदलली जाते, फिल्टरला शिव्या बसतात. प्लग गाडी घेतल्या दिवसाचेच.

"शेठ, एकदा प्लग काढून बघू का?" मिस्त्री विचारतो.

"प्लग राहू दे रे. सीएनजीत प्रीमियम कुठे मिळतं, ते सांग."