पहाटे चार वाजता यांस अनावृत पत्र

माननीय पहाटे चार वाजता यांस,

स. न. वि. वि.

आपलं नाव आमच्या घरात रोजच्या देवांपेक्षा थोडं कमी आणि नातेवाइकांपेक्षा बरंच जास्त घेतलं जातं. लांबचा प्रवास निघाला की कुठं जायचं हे नंतर ठरतं, किती दिवस जायचं हे त्याच्याही नंतर. "पहाटे चारला निघायचं" हे मात्र आधी ठरतं. यंदा नाताळच्या सुट्टीत गाडीनं पुण्याहून वेंगुर्ल्याला मावससासूबाईंकडे जायचं निघालं, तेव्हाही सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता आपली नेमणूक जाहीर केली. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, माणसं पाच, गाडीही पाच जणांची. म्हणजे कंपनीच्या मते.

बाबांच्या लेखी आपण ब्राह्ममुहूर्त. माफ करा, पण हा किताब आपला नाही. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमारास. करा हिशेब. साडेपाच होतात. चारला देवही कूस बदलून झोपलेले असतात. हे मी बाबांना सांगितलं नाही. सासऱ्यांना अशा गोष्टी सांगायच्या नसतात, वर्तमानपत्राला कळवायच्या असतात.

तयारीत आम्ही कसूर केली असं मात्र आपण म्हणू नये. आठ दिवस आधी कळलं की पीयूसी संपलंय. ते काढून आणलं. फास्टॅगमध्ये पैसे भरले, कारण खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके तर कोल्हापूरच्या आतच. मागच्या सीटच्या पट्ट्यांची कुलपं नव्या सीट कव्हराखाली गाडली गेली होती, ती कात्रीनं भोकं पाडून वर काढली. नवऱ्यानं चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं. गाडी सात वर्षं आमच्याकडे आहे, स्टिकर आत्ता वाचलं. त्यावर हवेचे दोन आकडे निघाले, कमी माणसांचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. हवा टायर गार असताना भरायची, हेही त्याला त्याच दिवशी कळलं आणि त्यानं ते आम्हा सर्वांना चार वेळा सांगितलं.

आदल्या रात्री डिकी भरून झाली तेव्हा पाऊण वाजला होता. दोन बॅगा, सासूबाईंचं बोचकं, गोधडी, मुलीची बॅट, बाकरवडीचे सहा पुडे, दहा किलो आंबेमोहोर. कोकणात भात मिळत नाही अशी सासूबाईंची समजूत नाही, पण बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं. तीनला गजर झाला. आणि चारला, खोटं कशाला सांगू, आम्ही पाचही जण अंगात स्वेटर, पायात बूट घालून दिवाणखान्यात तयार होतो.

तेवढ्यात कळलं की दही लागलेलं नाही.

निघताना प्रत्येकाच्या हातावर दही-साखर पडल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. थंडीचे दिवस, रात्री अकराला घातलेलं विरजण. पातेल्यात नुसतं कोमट दूध हलत होतं. सासूबाईंनी त्यात बोट घालून पाहिलं, पातेलं शालीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तासभरात लागेल." दुधावर शकुन होत नाही का, असं नवऱ्यानं विचारून पाहिलं. त्याला उत्तर मिळालं नाही.

त्या तासात मुलगी बुटांसकट सोफ्यावर झोपली. आणि त्याच तासात, पाच वाजून दहा मिनिटांनी, हात मागे बांधून गाडीभोवती फेऱ्या मारणाऱ्या बाबांनी तो प्रश्न विचारला.

"स्टेपनीत हवा आहे ना रे?"

स्टेपनी हा शब्द आपल्याला फारसा ठाऊक नसेल. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाकांचा धंदा सुरू झाला. गावानं काय केलं ते माहीत नाही, आम्ही भारतीयांनी नाव धरून ठेवलं. ही वस्तू डिकीच्या तळाशी, चटईच्या खाली असते. म्हणजे बोचक्याच्या, गोधडीच्या आणि दहा किलो आंबेमोहोराच्या खाली. सगळं बाहेर काढून पार्किंगच्या फरशीवर मांडलं. समोरच्या गॅलरीत दिवा लागला आणि शेजारच्या काकूंनी खाली वाकून विचारलं, "आलात पण?"

स्टेपनीला अंगठा लावला तर आत गेला. सात वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. चार चाकांची गार हवा दोनदा मोजणाऱ्या माणसानं पाचव्याची एकदाही मोजली नव्हती. आणि साहेब, आपल्या राज्यात पंक्चरवाला झोपलेला असतो. पंपावरचं हवेचं यंत्र होतं, ते चालवणारा पोरगा नव्हता. पंक्चरवाल्यानं सातला शटर वर केलं, व्हॉल्व्ह बदलला, हवा भरून दिली. तोवर दही लागलं होतं. सात पंचविसाला आम्ही फाटकाबाहेर पडलो. बूट घातलेल्या पोरीला उचलून मागे ठेवलं, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "आलं वेंगुर्लं?"

आपली ख्याती मोकळ्या रस्त्याची. पण लागून सुट्ट्या आल्या की निम्मं पुणं आपल्यालाच शब्द देऊन बसतं आणि नवले पुलावर पहाटेच गाड्यांची रांग लागते. मालट्रक तर रात्रभर चालूच असतात. आणि मुख्य म्हणजे माणसाच्या शरीराला सगळ्यात गाढ झोप हवी असते ती रात्री दोन ते सहाच्या दरम्यान. स्टिअरिंगवर डुलक्या लागतात त्याही तेव्हाच. पाऊणला पाठ टेकून तीनला उठलेला चालक अंधारात खंबाटकी घाट चढवणार, त्यामागे आम्ही चौघं पुऱ्या खात बसणार, याला आम्ही आजवर नियोजन म्हणत आलो. शिरवळला, चांगल्या उजेडात, नवऱ्यानं सलग तीन जांभया दिल्या. मी गाडी हॉटेलच्या आवारात घ्यायला लावली. तो स्टिअरिंगवर चाळीस मिनिटं घोरला. बाबा घड्याळ बघत होते, पण काही बोलले नाहीत.

कऱ्हाडच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले. गाळपाचा हंगाम. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर उसानं झाकलेला. आम्हाला ते लांबून दिसले, कारण अकरा वाजले होते. आपला शब्द पाळला असता तर आम्ही याच ट्रॉल्यांच्या मागे उजाडायच्या आत पोचलो असतो. तेव्हापासून त्या न लागलेल्या दह्याविषयी माझं मत बदललंय.

निपाणी, आजरा, आंबोली करत संध्याकाळी साडेपाचला वेंगुर्ल्यात पोचलो. मावशींनी विचारलं, "किती वाजता निघालात?" बाबा म्हणाले, "तीनला उठलो."

तेव्हा आपणांस कळवण्यात येतं की आमच्या कुटुंबाच्या सेवेतून आपल्याला मुक्त करण्यात येत आहे. आपल्या जागी "सातला, चहा घेऊन" यांची नेमणूक झाली आहे. डिकी आदल्या संध्याकाळी, स्टेपनी त्याच्या आदल्या दिवशी, विरजण दुपारी. चालकाला रात्री दहानंतर कुणी काही विचारायचं नाही, चार्जर कुठाय हेही नाही. आपण स्वयंपाकघरातल्या बायकांना आणि रियाज करणाऱ्यांना पूर्वीप्रमाणे उपलब्ध राहावं, आमची हरकत नाही.

कळावे. लोभ कमी झाला तरी चालेल.

आपली,
मागच्या सीटवर मधे बसणारी

ता. क. : खेड शिवापूरला आठवलं म्हणून काकूंना फोन करून किल्लीनं दार उघडायला लावलं होतं. गॅस बंदच होता.