सरांना फुटले ‘ऑब्जेक्टिव्ह’चे धुमारे!

ऐकलंत का? ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने ओटीत रेसिडेंटच्या हातातली फोर्सेप्स खाली पडायची, ते सर्जरीचे एचओडी म्हणे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्कशॉपमध्ये गळ्यात बॅज अडकवून चार्टपेपरवर लेसन प्लॅन रंगवत होते! वर आइसब्रेकरमध्ये अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना स्वतःचा आवडता पदार्थही सांगून आले. शिव शिव! हेच बघायला जगलो का आपण?

पण सर तरी काय करणार? 2019 मध्ये एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि मास्तरांनाच शिकवायचं पीक तरारलं. बढती हवी? आधी वैद्यकीय शिक्षणाच्या बेसिक कोर्सचं सर्टिफिकेट दाखवा! मग काय, तीस वर्षं तोंडपाठ लेक्चर झोडणारेही मायक्रोटीचिंगला उभे. धड्याचं ऑब्जेक्टिव्ह म्हणून ‘विद्यार्थ्याला हर्निया समजेल’ असं लिहिलंत तर खबरदार! समजलेलं मोजणार कसं? ‘हर्निया तपासून दाखवेल’ असं लिहा. बाटलेल्यांची बांग तर अशी मोठी की कँटीनमध्ये चहा सांगतानाही ऑब्जेक्टिव्ह!

आणि या सगळ्याचा उपयोग झाला का? छे, असलं विचारतात का कुणी? प्री-टेस्टला काठावर, पोस्ट-टेस्टला डिस्टिंक्शन, फीडबॅक फॉर्मवर ‘एक्सलंट’ आणि खाली बारीक अक्षरात ‘एसी जरा कमी करावा’. झालं मूल्यमापन! कर्कपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात. आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का आणि शेवटी कुणाचं काही भलं झालं का? आपली वरात पहिल्या दोन पायऱ्यांवरच नाचतेय. बरं, हे आपलंच नाही. 2006 मध्ये स्टाइनर्टबाई आणि मंडळींनी अशा शिक्षक-प्रशिक्षणाचे जगभरचे 53 अभ्यास चाळले. शिक्षक खूश, आम्ही बदललो असंही सांगत होते. पण विद्यार्थ्यांच्या पदरात काय पडलं, हे बघायला फारच थोडे गेले होते!

त्या ‘एक्सलंट’ची किंमत ऐकायचीय? अमेरिकेत 1970 मध्ये मायकल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञांपुढे उभं केलं. विषय काय, तर वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरी! गडी अघळपघळ, परस्परविरोधी असं काहीबाही बोलला, मधूनमधून विनोद पेरले, आणि चांगले मार्क घेऊन गेला. डोकी तपासणाऱ्यांनाच टोपी!

कर्कपॅट्रिकची तिसरी, वागणं बदलल्याची पायरी चढायला वॉर्डात जावं लागतं हो. सर खाटेशी उभे असताना पोरांना पोटाला हात लावू देतात, की अजूनही ‘काय गाढवा’नेच सुरुवात होते, हे बघायला लागतं. एवढं उन्हातान्हात कोण जाणार? वर्कशॉपला निदान गुलाबजाम तरी असतात.

आणि तुम्ही हसू नका. ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत मान उंचावून कोण उभं होतं ते दिसलंय आम्हाला. अ‍ॅडव्हान्स कोर्सची नावं कुठे द्यायची, हे क्लार्कला बाजूला घेऊन कोण विचारत होतं, तेही कळलंय. (यादीत आमच्या खालीच आहात.)