शेवटचे वीस फूट

घर बांधताना देवघर कुठल्या दिशेला, चूल कुठं, पाण्याची टाकी कुठं, यावर चार वडीलधाऱ्यांची बैठक होते. राऊटरची जागा मात्र नेटवाल्या पोराचं ड्रिल ठरवतं. तो बाहेरच्या खांबावरून वायर ओढत आणतो, भिंतीकडं एकदा बघतो, "काका, हितनंच घेतो, बरं पडतंय," म्हणतो आणि आपण मान हलवेपर्यंत भोक पडलेलं असतं. भोकापासून वीतभर अंतरावर राऊटर. मग ते भोक चपलांच्या स्टँडमागं असो, मीटरच्या पेटीशेजारी असो नाहीतर जिन्याखाली. टीव्ही असतो घराच्या दुसऱ्या टोकाला, माजघरात, कारण बघणारी माणसं तिथं बसतात. या दोघांची गाठ कशी पडायची, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आलेला नसतो.

तो येतो पहिल्या रविवारी. सामन्याची शेवटची ओव्हर, बॉलर धावत निघालेला, आणि पडद्यावर मधोमध ते गोल भिरभिरं. मग घरातला कर्ता पुरुष उठतो आणि राऊटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करतो. एवढा एक उपाय आपल्याकडं सर्वमान्य आहे. त्यानं भागलं नाही, तर कंपनीच्या नावानं बोटं मोडायची.

मला यात कंपनीची थोडी कणव येते. समजा, सिनेमा मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरवरून निघाला. काचेच्या तंतूतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सातारा अडीचशे किलोमीटर, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिसेकंदाचं काम. वायर कुठं वळसे घेत गेली, मधल्या यंत्रांनी आपापला वेळ खाल्ला, असं धरलं तरी पापणी लवायच्या आत सिनेमा साताऱ्यात हजर. ज्यांनी गणपतीच्या सुट्टीत खंबाटकी घाटात गाडी बंद करून शेंगा सोलल्या आहेत, त्यांना याचं मोल कळेल. आणि असा घाटमाथे ओलांडून आलेला सिनेमा आमच्या शनिवार पेठेतल्या सोप्यात पोचतो आणि तिथून माजघरात जाताना धापा टाकतो. अडीचशे किलोमीटर बिनबोभाट. घोडं अडतं ते शेवटच्या वीस फुटांत.

अँटेनाच्या काळात भानगड घराबाहेरची होती. साताऱ्यात दूरदर्शनचा मनोरा अजिंक्यातारा किल्ल्यावर, मान वर केली की दिसणारा. चित्राला मुंग्या आल्या की एक जण पत्र्यावर चढायचा, एक खिडकीत, एक टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" दोष कावळ्याचा, वाऱ्याचा, फार तर पत्र्यावरच्या माणसाच्या अकलेचा. घराच्या भिंतींवर कुणी आळ घेत नव्हतं. आता किल्ल्याकडं बघून उपयोग नाही. आपण आणि आपली भिंत.

आणि भिंती तरी कशा! पेठेतल्या जुन्या घराची भिंत म्हणजे खाली काळा दगड, वर पांढरी माती, जाडी दीड-दोन हात. खिडकीत माणूस मांडी घालून बसू शकतो. बांधणाऱ्यानं ती बांधली ऊन, पाऊस, चोर आणि भाऊबंद बाहेर राहावेत म्हणून. आरपार काही जावं, ही अपेक्षा तिच्याकडून कुणी केली नव्हती. वाय-फायच्या लहरी दोन जातीच्या. 2.4 गिगाहर्ट्झच्या साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या, पाच गिगाहर्ट्झच्या त्याच्या निम्म्याहून कमी. पहिल्या जरा चिवट, भिंतीतून कशाबशा पलीकडं निघतात, पण त्यांच्या वाटेवर गर्दी फार. दुसऱ्या वेगवान, पण नाजूक. ओलसर मातीची भिंत त्यांना गिळून टाकते, लोखंडी कपाट आल्या पावली परत पाठवतं, आणि पाण्यानं भरलेली टाकी मध्ये आली तर बोलायलाच नको.

आमच्या एका नातेवाइकांनी राऊटर कोनाड्यात ठेवलाय. जागा मोठी देखणी. पूर्वी तिथं दिवा असायचा, त्याच्या काजळीचा काळा पट्टा अजून वरच्या कमानीला आहे. राऊटरखाली दोऱ्याचा विणलेला रुमाल, अंगावर धूळ बसू नये म्हणून दुसरा रुमाल. खंडेनवमीला स्कूटर, शिलाई मशीन, अडकित्ता यांच्याबरोबर त्याचीही पूजा झाली. उजव्या अँटेनाला झेंडूची माळ आणि चारही हिरव्या दिव्यांच्या वर हळदकुंकवाचं बोट, इतकं नेमकं की एकही दिवा झाकला गेला नाही. भक्तीत कसूर नाही. पण कोनाड्याला मागं भिंत, डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत, वर कमान आणि तोंड रस्त्याकडं. त्यामुळं सिग्नल फार उत्तम येतो समोरच्या पानपट्टीवर. पानवाल्याला पासवर्ड माहीत आहे, हे घरातल्या कुणाला माहीत नाही.

सांगलीला आमचे दाजी विश्रामबागेत राहतात. तिथं दगडमाती नाही, सिमेंट आणि सळया. दाजींचा स्वभाव सढळ. टीव्ही अडखळला की ते नेटचा प्लॅन वाढवतात. पन्नासाचा शंभर झाला, शंभराचा तीनशे. भिरभिरं आपलं फिरतंच. वास्तविक नेटफ्लिक्सवालेच सांगतात की फोर-के चित्राला सेकंदाला पंधरा मेगाबिट पुरे, फुल एचडीला पाच. दाजींच्या दारात तीनशे येऊन उभे आणि टीव्हीला पाच मिळायची मारामार. राऊटर दिसायला बरा दिसत नाही म्हणून ताईनं तो बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर, सुटकेसींच्या मागं, पितळेच्या घंगाळाला टेकवून ठेवलेला.

दाजी नाटकवेडे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' रंगवलं, तिथल्या माणसाला ते शोभतंही. टीव्ही चालताना पुढचं थोडं चित्र आधीच आणून साठवून ठेवतो आणि तो साठा संपला की थांबतो, हे मी त्यांना सांगायला लागलो, तर मला मध्येच तोडून म्हणाले, "म्हणजे विंगेतला प्रॉम्प्टर. नटापेक्षा दोन वाक्यं पुढं पाहिजे. तो तंबाखू मळायला गेला की नट लटकला." याहून सोपं कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

एक कोडं मात्र प्लॅन वाढवून सुटण्यातलं नव्हतं. रात्री आठच्या सुमाराला मालिका हमखास अडकायची, अगदी मिनिट-दोन मिनिटं, आणि आपोआप सुरू व्हायची. दाजींचा संशय वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांवर. गुन्हेगार निघाला स्वयंपाकघरात. ताई त्या वेळेला सकाळची आमटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करते. मायक्रोवेव्ह चालतो 2.45 गिगाहर्ट्झवर, टीव्हीही त्याच पट्ट्यात अडकलेला, आणि भट्टीच्या दारातून जी थोडी गळती होते तीही वाय-फायच्या कुजबुजीपुढं आरोळी ठरते. टीव्ही पाच गिगाहर्ट्झवर टाकला, राऊटर कपाटावरून उतरवून हॉलच्या दारावरच्या फळीवर उभा केला, अँटेना सरळ ताठ केल्या, आणि आमटी व मालिका एका वेळी नांदू लागल्या. ताईचा आक्षेप एवढाच, की आल्यागेल्याला आता तो डबा दिसतो.

खरा उपाय याहून जुना आणि कमालीचा अरसिक आहे: वायर. राऊटरपासून टीव्हीपर्यंत एक लॅन केबल. शंभर मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही. पुष्कळ टीव्हींचं वायरचं भोक शंभर मेगाबिटचंच असतं, पण पंधराची गरज असणाऱ्याला शंभर म्हणजे चंगळ. मध्ये रिपीटर लावणारे लोक मला घाईचे वाटतात. साधा रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, दोन्ही एकाच पट्ट्यात, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. पण वायरचं नाव काढलं की घरोघरी वहिनी उभ्या राहतात. "बिनतारी म्हणून घेतलं आणि आता तार?" युक्तिवाद बिनतोड आहे. भिंतीला नवा रंग दिलेला असेल तर त्यावर अपीलही नाही. दाराच्या चौकटीमागून, पडद्याच्या दांडीआडून, दिवाणाखालून वायर न्यावी लागते, आणि ती दिसत नाही असं सगळ्यांनी मिळून मानावं लागतं.

टीव्ही चालू राहावा म्हणून आपली ही धडपड; तो ठरवून बंद करणारंही एक गाव निघालं. दाजींच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. ऊसकरी आणि कारखान्यातल्या कामगारांचं, तीनेक हजार वस्तीचं गाव. कोरोनात पोरांच्या हातात अभ्यासासाठी मोबाईल आला तो शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी आधी बायकांची बैठक घेतली. मालिका आणि मोबाईल जास्तच होतोय हे बायकांनी तिथल्या तिथं मान्य केलं. पुरुषांनी इतक्या चटकन केलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. 14 ऑगस्ट 2022 ला गावाच्या बैठकीत ठरलं आणि देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की चालू. सुरुवातीला आशा सेविका, ग्रामपंचायतीची माणसं आणि निवृत्त गुरुजी घरोघर सांगत फिरत. बीबीसीनंही त्याची बातमी केली. दाजींना हे सांगितलं, तर त्यांनी फार कौतुक केलं आणि विचारलं, "पण मग साडेआठला सगळं गाव एकदम चालू करत असेल. तेव्हा स्पीड किती मिळत असेल हो?"

प्रश्न वाटतो तितका बाष्कळ नाही. आमच्या पेठेत घराला घर चिकटलेलं, मध्ये एक सामायिक भिंत. मोबाईलवर नेटवर्कची यादी उघडली की अख्खी गल्ली हजेरी देते: एक 'राजे', एक 'आई', एक 'पासवर्ड मागू नये'. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात पाय न घालणारे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा. आणि घरं डझनभर. आमचं धरून तीन घरांचे राऊटर सहावर बसून एकमेकांवर ओरडत होते. मी आमचा अकरावर नेला. टीव्ही सुतासारखा सरळ चालू लागला. दुसऱ्या दिवशी अकरावरच्या काकू भिंतीपलीकडून विचारत्या झाल्या, "तुम्ही काय केलं ओ काल? आमचं लटकायला लागलंय."

मग रीतसर वाटणी झाली. भिंतीच्या दोन्ही अंगांना खुर्च्या टाकून, चहा घेऊन. काकूंना अकरा, आम्हाला एक, पलीकडच्या अण्णांना सहा. समोरच्या घराला पुन्हा एकच द्यावा लागला. त्यांना वाटलं, आपल्याला उष्टं मिळालं. रस्त्याची रुंदी मध्ये आहे, त्रास व्हायचा नाही, हे पटवण्यात एक संध्याकाळ गेली. अण्णांनी कुणाचा कुठला आकडा ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. करार दिवाळीपर्यंत उत्तम चालला. दिवाळीला अण्णांचा मुलगा हिंजवडीहून आला, फराळाची ताटली हातात घेऊन राऊटरचं पान उघडलं, "कुणी हातानं सेट करून ठेवलंय हे?" म्हणाला, आणि चॅनल ऑटोवर टाकून मोकळा झाला. राऊटरनं आपल्या अकलेनं अकरा निवडला. काकूंनी फराळाचा डबा अजून परत केलेला नाही.