तसं बघण्यासारखं काही नाही

परभणीत बघण्यासारखं काही नाही, असं म्हणायचा हक्क फक्त परभणीकरांना आहे. बाहेरच्यानं म्हटलं की आम्हाला राग येतो. आणि आम्ही म्हटल्यावर त्यानं नुसती मान डोलावली, तर त्याहून जास्त येतो.

माझा एक मित्र मूळचा पुण्याचा, होस्टेलवरचा रूम पार्टनर. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण मी त्याला तेव्हा रोज ऐकवायचो. पुढं तो नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झाला, म्हणजे अर्धी म्हण त्यानं स्वतः तपासली. उरलेली तपासायला ऐन मे महिन्यात तीन दिवस आमच्याकडे आला. घरात त्याचं नाव लगेच 'जर्मन' पडलं. त्याचा तोटा असा की आई "जर्मनला बोलाव गं" म्हणाली की बायको मोरीतून ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन यायची.

पहिले दोन दिवस जिल्ह्यानं शहराची अब्रू राखली. साईबाबांची पाथरी दाखवली. याच जन्मस्थळाच्या वादातून जानेवारी 2020 मध्ये शिर्डी बंद राहिली होती, हे मी तिथं जरा छाती काढून सांगितलं. जनाबाईंचं गंगाखेड झालं, चारठाण्याची जुनी देवळं झाली. औंढा नागनाथही दाखवला असता, पण 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ज्योतिर्लिंग तिकडे गेलं. भावाभावांच्या वाटण्यांत असंच होतं. दाखवण्यासारखं असतं ते दुसऱ्याच्या वाट्याला जातं.

तिसरा दिवस मात्र खुद्द परभणीचा होता. रात्री त्याची गाडी.

उन्हाच्या आत शहर उरकू म्हणून पहाटे सहाला निघायचं ठरलं. पावणेसहाला गल्लीतून आरोळी आली, "नळ आले!" या आरोळीपुढं आमच्याकडे लग्नाचा मुहूर्तसुद्धा पुढं ढकलतात. हौद, टाकी, पिंप, घागरी, कळशा, शेवटी चहाची किटली. जर्मन लुंगी खोचून रांगेत उभा राहिला. मोटर पाणी ओढेना तेव्हा पाईपच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून त्यानंच ती चालू केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाव्हणं गुणाचं हाय." त्या तीन दिवसांत त्याला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक.

साडेआठला न्याहारी. भिजवून पिळलेले मुरमुरे, हिरव्या मिरचीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळ्याचं पीठ आणि लिंबू. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "काही नाही, सुशीलाची वाट बघतोय," तो म्हणाला. पलीकडे शांतता पसरली. शेवटी आईनं फोन हातात घेऊन सुशीलाची पूर्ण कृती सांगितली तेव्हा संसार सावरला.

बाहेर पडलो तेव्हा दहा वाजले होते, म्हणजे परभणीच्या मे महिन्यात भर दुपार. आधी पारदेश्वराला गेलो. बाहेर पारा त्रेचाळीसकडे निघालेला आणि आत पाऱ्याचंच शिवलिंग. जर्मनमधला इंजिनिअर जागा झाला, "पारा घट्ट कसा राहिला रे?" मी म्हटलं, "श्रद्धेनं." त्यानं हात जोडले, पण भुवया खाली आल्या नाहीत.

मग तुराबुल हक यांचा दर्गा. तिथं मी सवयीनं म्हणालो, "तू फेब्रुवारीत उरुसाला यायला पाहिजे होतास. सगळ्या जातिधर्माची माणसं, पाळणे, दुकानं, पाय ठेवायला जागा नसते." तो म्हणाला, "काल तू म्हणालास थंडीत हुरड्याला यायला पाहिजे होतं. मेमध्ये नेमकं काय असतं?" मी वर सूर्याकडे बोट दाखवलं.

कृषी विद्यापीठात मात्र माझी मान ताठ झाली. 1972 साली स्थापन झालेलं विद्यापीठ. पण उन्हाळ्यात शेतं रिकामी, दाखवायला नुसती ढेकळं. मग मी तोंडानंच पीक काढलं. रब्बी ज्वारीचं 'परभणी मोती' हे वाण इथलं. केवड्याच्या रोगाला दाद न देणारी भेंडी, 'परभणी क्रांती', तीही इथलीच. जर्मन थोडा वेळ गप्प राहिला. "म्हणजे फ्रान्सनं राजा घालवला, रशियानं झार घालवला," तो म्हणाला, "आणि तुम्ही भेंडी सुधारली?" मी म्हटलं, "त्यांची क्रांती आज कोणाच्या ताटात आहे, सांग."

घरी जेवायला नेमकी भेंडीच होती. ज्वारीची भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. आई "अजून एक घे लेकरा" म्हणत राहिली आणि त्यानं चार भाकरी खाल्ल्या. त्यानंतर चारपर्यंत परभणीत कोणी काही बघत नाही. खिडकीतल्या कूलरला वाळ्याचे ताटे. त्यांवरून पाणी ठिबकायला लागलं की ओल्या मातीचा वास येतो आणि माणूस वाक्याच्या मध्येच झोपतो. जर्मन जर्मनीतल्या रेल्वेविषयी काहीतरी सांगत होता. ते वाक्य अजून अर्धंच आहे.

संध्याकाळी बी. रघुनाथ सभागृहावरून जाताना त्यानं विचारलं, "हे कोण?" मी या सभागृहात असंख्य सत्कार बघितलेत, एक-दोन माझ्या हातूनही झालेत. पण प्रश्न असा सरळ कोणी विचारला नव्हता. आठवून आठवून सांगितलं : कवी, कादंबरीकार. जन्म 1913, सातोन्याचा. निजामाच्या काळात इथंच बांधकाम खात्यात कारकून होते. 'आडगावचे चौधरी' त्यांची. 1953 साली वारले, अवघ्या चाळिशीत. दिवसभर खर्डेघाशी करून माणूस रात्री कादंबऱ्या लिहायचा.

"तू वाचलीस?"

"गाडीची वेळ होत आली," मी म्हणालो.

स्टेशन रोडला गाड्यावर भजे खाल्ले. तो 'भजी' म्हणाला तेव्हा गाडेवाल्यानं त्याच्याकडे बघून मला विचारलं, "पुण्याचे का?" बारा हजार रुपयांचे जर्मन बूट फुकट गेले. सोबतची तळलेली मिरची त्यानं शेंग समजून अख्खी तोंडात टाकली आणि तो रडत रडत 'परभणी जंक्शन' पाटीखाली फोटोला उभा राहिला. फोटो बघून त्याची बायको गहिवरली म्हणे.

डब्यात शिरून मी त्याचं सामान लावलं. आईनं दिलेल्या धपाट्यांचा डबा त्यानं गाडी हलायच्या आधीच उघडला. समोरच्या बाकावरचे गृहस्थ मुंबईचे असावेत. परभणी ऐकताच म्हणाले, "अरे वा! बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आणि स्वतःच हसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जर्मननं धपाट्याचा घास गिळला.

"ती म्हण जुनी झाली. जगात जर्मनी, भारतात परभणी. मी दोन्हीकडे राहिलोय."

गृहस्थ सावरून बसले. "जर्मनीत असता? आमचं यंदा तिकडेच जायचं चाललंय. काय काय बघावं?"

जर्मननं दुसरा धपाटा काढला, त्यावर चटणी पसरली आणि म्हणाला, "जर्मनीत ना? तसं बघण्यासारखं काही नाही."